संकटकाळचे कर्ज आणि कागदांची वाट : धार-देवासचा धडा

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात. २०२० च्या उन्हाळ्यात त्याच शहरातील मंडपवाल्याच्या, हलवायाच्या आणि छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यात मात्र खडखडाट होता. शेजारच्या धार जिल्ह्यात पीथमपूरच्या कारखान्यांची यंत्रे थांबली होती, मांडूच्या वास्तू पर्यटकांसाठी बंद होत्या आणि बाघ येथील छपाईकारांपुढे तयार कापड विकायचे कोठे, हा प्रश्न उभा होता. दिल्लीत त्याच वेळी लाखो कोटींच्या साहाय्याच्या घोषणा होत होत्या. त्या घोषणा खोट्या नव्हत्या. पैसा खरोखर उपलब्ध झाला आणि अनेक उद्योग त्यामुळे तगले. तरीही तो कोणापर्यंत पोचला आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून गेला, याचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही.

हा हिशेब आज मांडण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २० हजार कोटी रुपयांच्या अतिरिक्त कर्जास शंभर टक्के हमी देणारी योजना मंजूर केली. तिचा साचा महासाथीच्या काळातील योजनेचाच आहे : ज्याचे बँकेत कर्ज आहे, त्याला तारणाविना आणखी कर्ज. म्हणजे संकट बदलले तरी मदतीचे दार तेच राहिले आहे. त्या दारातून गेल्या वेळी कोण आत गेले आणि कोण बाहेर राहिले, हे पाहण्यासाठी धार आणि देवास हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

शून्याचे वीस टक्के

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. इंदूर हे राज्यातील संसर्गाचे सर्वांत मोठे केंद्र ठरल्याने त्याला लागून असलेल्या धार आणि देवासचे व्यवहारही गोठले. या दोन्ही जिल्ह्यांचा माल, मजूर आणि ग्राहक इंदूरमार्गेच ये-जा करतात. खलघाट, धामनोदवरून इंदूर आणि पुढे देवासकडे जाणाऱ्या आग्रा-मुंबई महामार्गावर त्या दिवसांत मालमोटारींपेक्षा पायी घरी निघालेले मजूर अधिक दिसत होते.

१३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या आपत्कालीन पतहमी योजनेची घोषणा केली. तिची रचना साधी होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी उद्योगाकडे जेवढे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के रक्कम बँकेने आणखी द्यायची. नवे तारण नको, हमीशुल्क नको, पहिले वर्ष मुद्दलाची परतफेड नको आणि एकूण मुदत चार वर्षांची. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, तर बिगरबँक वित्तसंस्थांसाठी १४ टक्के. कर्ज बुडाल्यास संपूर्ण भरपाई सरकार करणार होते. विशेष म्हणजे उद्योजकाने अर्ज करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःच प्रस्ताव पाठवायचा होता. नको असेल त्याने नकार कळवायचा.

पीथमपूर आणि देवासच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या वाहन आणि यंत्र कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. त्यांचा व्यवसायच बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालतो. अशा एखाद्या कारखान्याकडे ५० लाखांचे कर्ज शिल्लक असेल, तर त्याला आणखी १० लाख मिळण्याची सोय झाली. कामगारांचे थकलेले पगार, विजेचे बिल, कच्च्या मालाची उधारी यांतून वाट काढायला ही रक्कम उपयोगी पडली. भारतीय स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार या योजनेमुळे देशभरातील सुमारे साडेतेरा लाख खाती बुडीत होण्यापासून वाचली आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक सूक्ष्म आणि लघु उद्योगांची होती. योजनेची मर्यादा पुढे साडेचार लाख कोटी आणि नंतर पाच लाख कोटींपर्यंत वाढवावी लागली. हे यश नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या योजनेची किल्ली एकाच आकड्यात होती : २९ फेब्रुवारीची शिल्लक. ज्याच्या नावावर त्या दिवशी कर्ज नव्हते, त्याच्यासाठी हिशेब सोपा होता. शून्याचे वीस टक्के शून्यच. आयुष्यभर कोणाचे देणे ठेवले नाही, रोखीने माल घेतला आणि रोखीने विकला, अशी ज्याची ख्याती, तो व्यापारी या चाळणीतून सर्वप्रथम गळाला. कर्ज न काढणे हा मध्यमवर्गीय मराठी घरांत आजही सद्‌गुण मानला जातो. संकटाच्या वेळी त्याच सद्‌गुणाने दार लावून घेतले.

बाघचा छपाईकार कोठे बसतो?

धार जिल्ह्याच्या कुक्षी भागातील बाघ हे गाव लेण्यांसाठी आणि ठसेछपाईसाठी प्रसिद्ध आहे. येथील खत्री कुटुंबांनी जोपासलेल्या या छपाईला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कापड धुणे, हिरड्यात भिजवणे, तुरटी आणि लोखंडाच्या गंजापासून केलेल्या रंगांनी ठसे उमटवणे, बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात खळबळून काढणे आणि शेवटी तांब्याच्या कढईत उकळणे, अशी ही दीर्घ प्रक्रिया आहे. प्रत्येक टप्प्यावर वाळवण आणि विश्रांती असल्याने कापडात गुंतलेला पैसा मोकळा व्हायला वेळ लागतो. विक्री होते ती मृगनयनीसारख्या सरकारी विक्री केंद्रांतून, मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांमार्फत आणि प्रदर्शनांतून. प्रदर्शने तर जवळजवळ दोन वर्षे बंद पडली. सूरजकुंडचा मेळा २०२१ मध्ये भरलाच नाही.

अशा छपाईकाराला संकटकाळात नेमके काय उपलब्ध होते? बँकेचे कर्ज नसेल, तर आपत्कालीन पतहमी योजना त्याच्यासाठी नव्हती. पथविक्रेत्यांसाठीची केंद्राची स्वनिधी योजना शहरी भागासाठी होती आणि बाघमध्ये ग्रामपंचायत आहे. राज्य सरकारने ग्रामीण पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या बिनव्याजी कर्जाची योजना २०२० मध्ये आणली, परंतु जिथे कापडाच्या गाठी, रंग आणि चार-सहा कारागिरांची मजुरी पेलायची, तिथे दहा हजार किती दिवस पुरणार? मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतचे कर्ज मिळण्याची तरतूद २०१५ पासून होती; पण ते नवे कर्ज. त्यासाठी उलाढालीचा पुरावा हवा, खातेउतारा हवा, व्यवसायाची नोंदणी हवी आणि मुख्य म्हणजे सगळे व्यवहार ठप्प असताना उद्याचा धंदा चालेल असा विश्वास बँकेच्या अधिकाऱ्याला वाटायला हवा. महासाथीच्या काळात नेमका हा विश्वासच दुर्मीळ झाला होता.

हाच प्रश्न आजही सुटलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक कारागिरांना पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज मिळते. योजना चांगली आहे. परंतु तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, परीट, मूर्तिकार आहेत. कापडावर ठसे उमटवणारा छपाईकार नाही. ज्या कलेचे नाव सांगून धार जिल्ह्याची ओळख करून दिली जाते, त्या कलेचा कारागीर सरकारी वर्गवारीत कोणत्या रकान्यात बसतो, हे त्याने स्वतःच शोधायचे आहे.

मांडूमध्येही वेगळे चित्र नव्हते. पुरातत्त्व विभागाची स्मारके १७ मार्च २०२० पासून बंद झाली आणि ६ जुलै २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी १५ एप्रिलपासून १५ जूनपर्यंत ती पुन्हा बंद राहिली. पावसाळ्यातील मांडूवर वर्षभराची गुजराण करणाऱ्या वाटाड्यांना, खुरासानी चिंच आणि कणसे विकणाऱ्यांना आणि छोट्या भोजनालयांना हे दोन्ही तडाखे बसले. केंद्राने २८ जून २०२१ रोजी पर्यटक मार्गदर्शकांना एक लाखापर्यंतचे हमीयुक्त कर्ज जाहीर केले, पण ते केंद्राची किंवा राज्याची मान्यता असलेल्या मार्गदर्शकांना. ज्याने वडिलांकडून किल्ल्याची माहिती ऐकून हा व्यवसाय पत्करला आणि मान्यतापत्र कधी काढलेच नाही, त्याची गणना या योजनेपुरती मार्गदर्शकांत होत नव्हती.

जिथे शिफारसपत्र हाती आले

या सगळ्यात सर्वांत गरीब मानला जाणारा शहरी फेरीवाला तुलनेने सुदैवी ठरला. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत २४ मार्च २०२० पूर्वीपासून शहरात विक्री करणाऱ्याला तारणाविना दहा हजारांचे खेळते भांडवल मिळू लागले. वेळेवर परतफेड केल्यास व्याजात सात टक्के अनुदान आणि पुढे वीस हजार, मग पन्नास हजार, अशी चढती पायरी होती. मध्य प्रदेश या योजनेच्या अंमलबजावणीत आघाडीवर राहिला. ९ सप्टेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी योजनेच्या लाभार्थ्यांशी थेट संवाद साधला, तो याच राज्यातील पथविक्रेत्यांशी.

हे यश व्याजदराचे नव्हते. फेरीवाल्याकडे ताळेबंद नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि अनेकांकडे विक्रेता म्हणून ओळखपत्रही नव्हते. योजनेने यावर तोडगा काढला. सर्वेक्षणातून सुटलेल्या किंवा आसपासच्या खेड्यांतून शहरात येऊन विक्री करणाऱ्यांना नगरपालिकेने शिफारसपत्र द्यायचे होते. याचा अर्थ असा की ‘हा माणूस या चौकात भाजी विकतो’ एवढे सांगण्याची जबाबदारी एका स्थानिक संस्थेने घेतली आणि बँकेने तिचा शब्द मानला. नगरपालिकांना उद्दिष्टे दिली गेली, शिबिरे लागली, अर्ज भरून देण्यासाठी माणसे बसवली गेली. बँकेची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या नावावर कर्जखाते उघडले गेले.

अडचणी तेथेही आल्या. अर्जासाठी आधार क्रमांकाशी जोडलेला मोबाईल आवश्यक होता. क्रमांक बदलला असेल तर आधी तो दुरुस्त करण्याची रांग आणि मग कर्जाची रांग. तरीही योजनेचा गाभा टिकला, कारण अर्जदार आणि बँक यांच्यामध्ये एक जबाबदार दुवा उभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिला हप्ता पंधरा हजारांवर नेला, यावरून तिची उपयुक्तता सरकारनेही मान्य केल्याचे दिसते.

आता तिन्ही पायऱ्या एकत्र पाहाव्यात. वरच्या पायरीवर आधीच कर्जदार असलेला कारखानदार. त्याच्याकडे बँक स्वतः चालत आली. खालच्या पायरीवर फेरीवाला. त्याच्यासाठी नगरपालिकेने शब्द टाकला. मधल्या पायरीवर बाघचा छपाईकार, देवासचा मंडपवाला, धारमधील छापखाना, मुलांचा डबा पुरवणारी खानावळ, शिवणकामाचे दुकान. चार-दोन माणसांना रोजगार देणारा हा वर्ग फेरीवाला म्हणण्याइतका लहान नाही आणि बँकेच्या नजरेत भरण्याइतका मोठा नाही. त्याच्याकडे कोणी चालत आले नाही आणि त्याच्यासाठी कोणी शब्दही टाकला नाही.

सोन्याचे दार

या मधल्या वर्गाने मग काय केले, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या एका निर्णयात अप्रत्यक्षपणे सापडते. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्के करण्यात आली आणि ही सवलत ३१ मार्च २०२१ पर्यंत ठेवण्यात आली. घरगुती आणि छोट्या व्यावसायिक अडचणी भागवण्यासाठी ही सोय होती. कागद नसलेल्या माणसासाठी उघडलेले ते सर्वांत रुंद दार होते. तेथे ताळेबंद विचारला जात नाही. फक्त तोळे मोजले जातात. सरकारी हमीचे कर्ज ज्याला मिळाले नाही, त्याच्या धंद्याची हमी घरातील पाटल्या-बांगड्यांनी घेतली. ज्यांच्याकडे तेही नव्हते, त्यांच्यासाठी सावकार होताच.

लग्नसराईवर जगणाऱ्यांची अवस्था विशेष बिकट होती. २०२० ची अक्षय तृतीया २६ एप्रिलला आली, तेव्हा टाळेबंदी होती. २०२१ ची १४ मे रोजी आली, तेव्हा दुसरी लाट आणि कोरोना कर्फ्यू होता. माळव्यात अक्षय तृतीया हा विवाहाचा मोठा मुहूर्त. मंडप, बँड, आचारी, फुलवाले, घोडीवाले यांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. कर्जाचे हप्ते लांबवण्याची जी मुभा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात दिली होती, तिचा लाभही अर्थातच ज्याचे कर्ज होते त्यालाच मिळाला. दुकानाचे भाडे, आचाऱ्याची उचल, किराणा दुकानाची उधारी यांना अशी कोणतीही मुभा नव्हती.

शिवाय कर्ज हे शेवटी कर्जच असते, हा मुद्दा दृष्टीआड करून चालत नाही. बुडालेला हंगाम परत येत नाही. त्या हंगामापोटी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र येतो. जर्मनीने पाचपर्यंत कर्मचारी असलेल्या छोट्या व्यावसायिकांना नऊ हजार युरोपर्यंतचे थेट अनुदान दिले, जे परत करायचे नव्हते. अमेरिकेने दिलेली कर्जे पगारावर खर्च केल्यास माफ होणार होती. भारताने प्रामुख्याने हमीयुक्त कर्जाचा मार्ग निवडला. तिजोरीच्या मर्यादा पाहता तो समजण्यासारखा आहे. परंतु मग त्या कर्जापर्यंत पोचण्याची वाट तरी सर्वांसाठी समान असायला हवी होती.

श्रीमंत देशांतही तोच अनुभव

ही अडचण केवळ धार-देवासची किंवा भारताची होती, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत छोट्या उद्योगांच्या पगारासाठी ठेवलेले ३४९ अब्ज डॉलर ३ एप्रिल २०२० पासून अवघ्या तेरा दिवसांत संपले. ज्यांचे बँकेशी जुने संबंध होते आणि ज्यांच्याकडे कागद सांभाळणारा हिशेबनीस होता, त्यांचे अर्ज आधी मार्गी लागले. एकट्याने चालवलेली दुकाने, सलून आणि स्थलांतरितांचे व्यवसाय मागे राहिले. तेथील संसदेने पुढे निधी वाढवला आणि मार्च २०२१ च्या कायद्यात एक वेगळी तरतूद केली. छोट्या व्यावसायिकांना योजना समजावून सांगणाऱ्या, त्यांचे कागद जुळवून देणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी दहा कोटी डॉलरचे अनुदान ठेवण्यात आले. केवळ मदत देऊन भागत नाही, मदतीपर्यंत नेणाऱ्या माणसावरही खर्च करावा लागतो, याची ती कबुली होती.

ब्रिटनने याच्या उलट टोक गाठले. ४ मे २०२० पासून तेथे पन्नास हजार पौंडांपर्यंतचे कर्ज व्यावसायिकाच्या स्वतःच्या घोषणापत्रावर, जवळजवळ विनाचौकशी मिळू लागले. पैसा झपाट्याने पोचला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने १५ ते २६ अब्ज पौंड फसवणुकीमुळे आणि थकबाकीमुळे बुडू शकतात, असा इशारा दिला. कागदांची अट फार कडक ठेवली तर गरजू बाहेर राहतात आणि ती पूर्ण काढून टाकली तर लबाड आत शिरतात. या दोन टोकांमध्ये उभा राहू शकतो तो व्यवसाय प्रत्यक्ष पाहिलेला, गावातला, जबाबदारी घेणारा माणूस. स्वनिधीच्या शिफारसपत्राने लहान प्रमाणावर तेच सिद्ध केले.

माळव्याच्या जुन्या पिढीला ‘तगाई’ हा शब्द अपरिचित नाही. दुष्काळात बी-बियाणे आणि बैलांसाठी राज्यसत्तेने शेतकऱ्याला दिलेले ते कर्ज. त्या व्यवस्थेत पक्षपात होता, वसुलीचा जाच होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कोणाचे शेत किती आणि कोणाचा बैल मेला, हे ठाऊक असलेला पटवारी गावात होता. आजच्या छोट्या व्यावसायिकाची अशी खबर ठेवणारे कोणी नाही.

पुढच्या संकटाआधी

महासाथीनंतर काही चांगले बदल झाले, हे नमूद करायला हवे. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सोपी आणि निःशुल्क झाली. जीएसटी नसलेल्या अतिसूक्ष्म व्यवसायांच्या नोंदणीसाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट हे व्यासपीठ सुरू झाले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना पाच लाखांपर्यंतच्या विशेष क्रेडिट कार्डाची घोषणा झाली. डिजिटल व्यवहारांच्या नोंदींवरून पत ठरवण्याची क्षमता सरकारी बँकांनी स्वतः उभारावी, असे त्याआधीच्या वर्षी ठरले. कर्ज नसलेल्या माणसाचीही पत असते, हे तत्त्व निदान कागदावर मान्य झाले आहे.

आता काम जिल्हा पातळीवर आहे. त्यातील पहिले काम यादीचे. धार आणि देवासमध्ये मधल्या पायरीवरील व्यवसाय किती आणि कोणते, त्यांची उद्यम नोंदणी झाली आहे का, बँकेत व्यवसायाच्या नावे खाते आहे का, याची नोंद शांततेच्या काळात व्हायला हवी. संकट आल्यावर यादी करायला बसणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

दुसरे काम माणसांचे. जिल्हा व्यापार आणि उद्योग केंद्र, अग्रणी बँक आणि नगरपालिका या तिन्हींच्या सोबतीने तालुक्याच्या ठिकाणी एक प्रशिक्षित साहाय्यक असावा. कोणत्या योजनेत कोण बसतो हे सांगणे, कागद जुळवणे, व्यवसाय प्रत्यक्ष पाहून शिफारस करणे आणि बँकेने नाकारल्यास कारण लेखी मागणे, एवढेच त्याचे काम. ग्रामीण भागात बचत गटांतील ‘बँक सखी’ अशाच प्रकारे महिलांना बँकेशी जोडतात. तोच नमुना छोट्या उद्योगांसाठी वापरता येईल. शिफारस करणाऱ्यावर जबाबदारी असेल, तर ब्रिटनसारखी उधळपट्टीही टळेल.

तिसरे काम थकलेल्या पैशांचे. पीथमपूर आणि देवासच्या छोट्या पुरवठादारांना संकटात कर्ज हवे असते, कारण त्यांचेच पैसे मोठ्या खरेदीदारांकडे अडकलेले असतात. २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. तसे न केल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे असे थकवलेले देणे त्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. कायदा पुरवठादाराच्या बाजूने आहे; पण उद्याची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार करण्यास तो धजावत नाही. ही भीती एकट्या उद्योजकाने दूर करावी, अशी अपेक्षा अवास्तव आहे. त्यासाठी औद्योगिक संघटनांनी सामूहिकपणे पुढे यायला हवे. स्वतःचे पैसे वेळेवर मिळाले, तर सरकारी हमीच्या कर्जाची गरजच निम्मी होईल.

यात समाजाचाही वाटा आहे. धार आणि देवासमधील मराठी मंडळे, पतसंस्था आणि निवृत्त बँक कर्मचारी यांच्याकडे हिशेबाचे आणि अर्ज-फाट्यांचे ज्ञान भरपूर आहे. महिन्यातून एक रविवार उद्यम नोंदणीसाठी आणि खातेवही कशी ठेवावी हे समजावण्यासाठी दिला, तर त्याचा उपयोग एखाद्या सत्कार समारंभापेक्षा निश्चितच अधिक होईल. आपल्या शेजारच्या खानावळीचा किंवा छापखान्याचा हिशेब कागदावर नसेल, तर पुढच्या संकटात तिच्यासाठी कोणतीही योजना असून नसल्यासारखीच ठरेल.

संकटे सांगून येत नाहीत. ती महासाथीच्या रूपाने येतात, आयात शुल्काच्या रूपाने येतात, कधी अतिवृष्टीच्या रूपाने येतात. मदतीची रक्कम ठरवणे दिल्लीच्या हाती आहे. परंतु ती रक्कम बाघच्या कढईपर्यंत आणि देवासच्या मंडपापर्यंत पोचेल की नाही, हे जिल्ह्याच्या कचेरीत, बँकेच्या शाखेत आणि नगरपालिकेच्या टेबलावर ठरते. त्या टेबलाच्या अलीकडे, अर्जदाराच्या बाजूला बसणारा एक माणूस नेमायला लाखो कोटी लागत नाहीत. २०२० मध्ये तो नव्हता. निर्यातदारांसाठीची नवी योजना आली तेव्हाही तो नव्हता. पुढच्या वेळी तो असेल का, याचे उत्तर भोपाळने आणि दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने आजच द्यायला हवे.